जे होऊ दिलं नाही, त्याचे गुण किती?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं आपल्या फुटबॉलशी नातं नावापुरतंच. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. गंमत म्हणजे चढाई करणारे अकरा वेगळे, अडवणारे अकरा वेगळे. टाळ्या अर्थातच चढाईवाल्यांना!

पण ५ नोव्हेंबर २०११ची रात्र अडवणाऱ्यांची होती. पहिल्या क्रमांकाचा लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ दुसऱ्या क्रमांकाच्या अलाबामाच्या घरी, टस्कलूसाला गेला होता. लाखावर प्रेक्षक, बहुतेक यजमानांचेच. चौथ्या सत्रात ६-६ अशी बरोबरी. अलाबामाचा लांब पास हातात पडलाच म्हणायचा, तोच एरिक रीडनं समोरच्याकडून चेंडू अक्षरशः ओढून घेतला. गोलरेषा जेमतेम एका यार्डावर! जादा वेळेत किक मारून लुइझियानानं सामना ९-६ असा जिंकला. दोन्हीकडून टचडाऊन एकही नाही.

‘काय कंटाळवाणी मॅच!’ असंही कित्येक जण म्हणाले. साहजिकच आहे. अडवलेला टचडाऊन गुणफलकावर लागतच नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का? उतू न गेलेलं दूध, वेळेवर लस दिल्यामुळे न आलेला गोवर, न चुकलेला विम्याचा हप्ता... यांचे गुण कोण मांडतं? संध्याकाळी कुणी ‘दिवसभर काय केलंस?’ विचारलं, तर एकदा सांगूनच बघा, ‘काय काय होऊ दिलं नाही, ते आधी ऐक!’