इमारतीचे डिजिटल मॉडेल ‘कायमचे डिलीट’ होते, म्हणजे नेमके काय होते?

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई बांधकामावर पोचते, कॉलममध्ये उभी राहते, तिच्याभोवती रिंगा बांधल्या जातात आणि वरून काँक्रीट पडते. त्यानंतर ती कुणाच्या नजरेला पडत नाही. कोणत्या कॉलममध्ये किती जाडीचे किती गज आहेत, हे पुढे सांगायला उरतात नकाशे, साइटवर काढलेले फोटो आणि अलीकडे इमारतीचे डिजिटल मॉडेल. हे मॉडेल सर्व्हरवरून कायमचे काढून टाकायला मात्र एका ओळीची आज्ञा पुरते.

या मॉडेलला ‘बीआयएम’, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात. त्यात भिंत ही नुसती रेघ नसते. तिची जाडी, साहित्य, मजला अशी माहिती तिला चिकटलेली असते. नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने ‘फाइव्ह-डी’ बीआयएम वापरले. लांबी, रुंदी आणि उंचीला त्यात वेळ आणि खर्च जोडला होता. मोठ्या कामात एकाच इमारतीच्या अशा डझनभर आवृत्त्या साठतात आणि जुन्या काढण्याची वेळ येते. हाताने एकेक काढणे कंटाळवाणे असल्याने ते काम एपीआयवर सोपवले जाते.

एपीआयमधून डिलीट करणे वेगळे कसे?

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काम मागण्याची खिडकी. माणूस स्क्रीनवर बटण दाबतो तेव्हा ‘नक्की काढायचे का?’ असा प्रश्न येतो. एपीआय सहसा असे काही विचारत नाही. विनंती नीट असली आणि परवानगी असली की काम होते. उत्तरादाखल बहुतेक वेळा ‘२०४’ हा आकडा येतो. त्याचा अर्थ: काम झाले, आणखी सांगण्यासारखे काही नाही.

गंमत अशी, की वेबच्या मूळ नियमातच ‘डिलीट’चा अर्थ वाटतो तितका पक्का नाही. जून २०२२च्या आरएफसी ९११० या एचटीटीपी मानकानुसार ही आज्ञा त्या पत्त्याचा आणि त्यामागच्या गोष्टीचा संबंध तोडायला सांगते. आतली माहिती पुसलीच पाहिजे, अशी अपेक्षा त्यात नाही. ती पुसायची की नाही, हे ज्याचे सॉफ्टवेअर तो ठरवतो.

म्हणून पडद्यामागे दोन प्रकार दिसतात. पहिला सातबाऱ्यावरच्या जुन्या कंसासारखा. नावाला पूर्वी कंस होत असे, पण ते नाव वाचता येत असे आणि फेरफार नोंदही राहत असे. ऑटोडेस्कच्या डेटा मॅनेजमेंट एपीआयमध्ये फाइल काढणे म्हणजे तिला ‘डिलीटेड’ प्रकारची एक नवी आवृत्ती जोडणे. आधीच्या आवृत्त्या मागे असतातच. दुसरा प्रकार पान फाडून टाकण्याचा. त्यात रिसायकल बिन नसते. बॅकअप असला तरी तो कंपनीकडे, आणि त्यातून एकाच ग्राहकाचे एकच मॉडेल ती काढून देईल याची खात्री नसते.

फाइल हाताशी असेल तर पुन्हा चढवता येत नाही का?

येते, पण तेवढ्याने भागत नाही. नव्याने चढवलेल्या मॉडेलला सॉफ्टवेअर नवा नोंद-क्रमांक देते. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या बीमला तडा’ अशी तक्रार, तिचा फोटो, तपासणीचा शेरा हे सगळे जुन्या क्रमांकाला बांधलेले असते. काही ठिकाणी ते मॉडेलबरोबरच जाते, काही ठिकाणी मालकाविना लोंबकळत राहते. आयएफसी या खुल्या स्वरूपात प्रत्येक घटकाला स्वतःची २२ अक्षरांची ओळख असते. ती जपली असेल, तर निदान कोणता फोटो कोणत्या बीमचा हे जुळवता येते.

मग काहीच काढू नये, असेही नाही. जुने मॉडेल चालू यादीत राहिले आणि सळई कापणाऱ्याच्या हाती त्यावरूनच काढलेली यादी पडली, तर गज चुकीच्या मापाचे कापले जातात. आयएसओ १९६५० या मानकाने त्यासाठी चौथा कप्पा ठेवला आहे: काम चालू, सामायिक, प्रसिद्ध आणि शेवटी संग्रह. आवृत्ती जुनी झाली की ती संग्रहात जाते आणि साइटवरच्या माणसाच्या समोरून हटते. साइटला खरे तर एवढेच हवे असते.

महाराष्ट्रात याला कायद्याची बाजूही आहे. रेरा कायदा, २०१६च्या कलम १४(३)प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेतला दोष निदर्शनास आणला, तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मॉडेल जपा असे कलम म्हणत नाही. पण चौथ्या वर्षी कॉलमला तडा गेला आणि आत काय आहे ते दाखवायचे झाले, तर काँक्रीट फोडण्याआधी मॉडेलच उघडले जाईल.

तरीही कायमचे काढायचेच असेल, तर आधी मूळ फाइल आणि तिला जोडलेल्या तक्रारी-फोटोंची यादी वेगळ्या जागी उतरवून घेतात. मग स्क्रिप्ट एकदा डिलीट न करता चालवतात आणि ती कोणती नावे पकडते ते डोळ्यांनी वाचतात. एक खोच इथे हमखास नडते. एपीआय यादी पानापानाने देते. पहिल्या पानावरच्या १०० नोंदी काढल्या की मागच्या १०० पुढे सरकतात आणि दुसरे पान मागणारी स्क्रिप्ट त्यांना ओलांडून जाते. म्हणून सगळे क्रमांक आधी गोळा करून मगच काढायला घेतात. मध्येच इंटरनेट तुटले तर तोच क्रमांक पुन्हा पाठवायला हरकत नसते. तो आधीच निघाला असेल तर सहसा ‘४०४’ येतो, म्हणजे या पत्त्यावर आता काही नाही.