श्रेयांकांचा हिशेब : अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांपुढील दोन वाटा

दहावीचा निकाल लागला की शाखा कोणती निवडावी, हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत चर्चिला जातो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्याच वयाच्या मुलामुलींपुढे वेगळाच प्रश्न असतो. सुटीत आलेल्या नातवंडांच्या बोलण्यात ‘ए.पी.’ आणि ‘ड्युअल एन्रोलमेंट’ हे शब्द वारंवार येतात. येथील आजी-आजोबांना मात्र त्यांचा उलगडा होत नाही. शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकावा आणि त्याचे श्रेयांक पुढे पदवीच्या खात्यावर जमा व्हावेत, हा दोन्ही योजनांचा उद्देश आहे. परंतु ते जमा होण्याची रीत दोन्हींत भिन्न असल्याने निवड विचारपूर्वक करावी लागते.

श्रेयांकांचे मोल

अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी सर्वसाधारणपणे १२० श्रेयांक लागतात. एका सत्रातील एका विषयाचे बहुधा ३ श्रेयांक असतात. म्हणजे एका सत्राचे सुमारे १५. शाळेतच १५ श्रेयांक मिळविलेल्या आणि ते मान्य झालेल्या विद्यार्थ्याचे एक सत्र वाचू शकते. त्याबरोबर त्या सत्राचे शिक्षणशुल्क, वसतिगृह आणि भोजन यांचा खर्चही वाचतो. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला ही बचत लहान नाही.

पहिली वाट : परीक्षेची

ए.पी. म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५ पासून हा उपक्रम चालविते. शाळेतील शिक्षकच वर्षभर विषय शिकवितात आणि मे महिन्यात सर्वत्र समान परीक्षा होते. तिचे गुण १ ते ५ या श्रेणीत दिले जातात. २०२५ मध्ये अमेरिकेत एका विषयाचे परीक्षाशुल्क ९९ डॉलर होते. वर्गातील वर्षभराची कामगिरी शाळेच्या गुणपत्रकावर दिसते. श्रेयांक मात्र प्रामुख्याने मे महिन्यातील त्या परीक्षेवर अवलंबून असतात.

दुसरी वाट : वर्गाची

‘ड्युअल एन्रोलमेंट’ म्हणजे शाळा आणि महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नावनोंदणी. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये अशी योजना सुरू केली. वॉशिंग्टन राज्याच्या ‘रनिंग स्टार्ट’ योजनेला १९९० मध्ये मंजुरी मिळाली. विद्यार्थी बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा विषय घेतो. चाचण्या, निबंध आणि सत्रान्त परीक्षा मिळून श्रेणी ठरते व उत्तीर्ण होताच त्या महाविद्यालयाचे श्रेयांक हाती येतात. खर्च राज्यागणिक बदलतो. फ्लोरिडात सरकारी शाळांतील पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. काही ठिकाणी मात्र पुस्तके व इतर आकार पालकांना सोसावे लागतात.

वटणार कोठे?

धनादेश हातात असणे आणि तो वटणे यांतील अंतर बँकेच्या ग्राहकांना सांगायला नको. श्रेयांकांचेही तसेच आहे. ए.पी.चे गुण देशभर ओळखले जातात, पण त्यांचे मोल प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरविते. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ किंवा अधिक गुणांना श्रेयांक देते. काही विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात. कॅलटेक ही नामांकित संस्था ए.पी.साठी श्रेयांक देतच नाही आणि डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून ते देणे थांबविले. ड्युअल एन्रोलमेंटचे श्रेयांक त्याच राज्यातील सरकारी विद्यापीठांत बहुधा सुलभतेने मान्य होतात. परराज्यात किंवा खासगी विद्यापीठात तशी खात्री देता येत नाही. शालेय पदविकेसाठी एकदा मोजलेले श्रेयांक काही विद्यापीठे पुन्हा मोजत नाहीत.

पुसली न जाणारी नोंद

बचतीच्या आनंदात एका गोष्टीकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. ए.पी. परीक्षेत २ गुण मिळाले, तर ते कळविणे बहुतेक विद्यापीठांच्या प्रवेशअर्जात बंधनकारक नसते. ड्युअल एन्रोलमेंटमधील श्रेणी मात्र महाविद्यालयाच्या कायम अभिलेखात राहते. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करताना अमेरिकेतील मध्यवर्ती अर्जसेवा शाळेत असताना घेतलेल्या महाविद्यालयीन विषयांचीही माहिती मागते. सोळाव्या वर्षी घाईने घेतलेल्या रसायनशास्त्रातील सुमार श्रेणी बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर उभी राहू शकते. डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या घरांनी याचा विचार अगोदरच करावा.

निर्णय कसा करावा?

पाल्य राज्यातीलच सरकारी विद्यापीठात जाणार हे निश्चित असेल, तो वर्षभर नियमित काम करणारा असेल आणि परीक्षेच्या दडपणाने गांगरत असेल, तर ड्युअल एन्रोलमेंट लाभदायक ठरते. कोणत्या राज्यात जायचे हे ठरलेले नसेल, निवडक विद्यापीठांकडे ओढा असेल आणि लेखी परीक्षेत हातखंडा असेल, तर ए.पी. अधिक सोयीचे. शाळेत ए.पी.चे मोजकेच विषय असतील, तर उरलेल्यांसाठी कम्युनिटी कॉलेजचा आधार घेता येतो. एका विषयाला एक व दुसऱ्याला दुसरी वाट, असा मेळही अनेक विद्यार्थी घालतात.

श्रेयांक साठविण्याची कल्पना आता भारतालाही नवी राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था उच्च शिक्षणात सुरू झाली. त्यामुळे हा हिशेब समजून घेणे येथील पालकांनाही उपयोगी पडेल. विषय निवडण्यापूर्वी पाल्याच्या मनातील तीन-चार विद्यापीठांचे श्रेयांकविषयक नियम त्यांच्याकडूनच पडताळून घ्यावेत, शक्य तेथे लेखी उत्तर मागावे आणि मुलाची झोप व खेळ शाबूत राहतील एवढेच विषय त्याला घेऊ द्यावेत.