बांबू झाड नाही आणि तोडला म्हणून संपत नाही

बांबू हे झाड आहे, हा समज इतका मुरलेला की 1927च्या भारतीय वन कायद्यानेही त्याला झाडांतच धरलं. वनस्पतिशास्त्राच्या लेखी मात्र तो गवत, भात-ज्वारीच्या कुळातला. कार्ल लिनियसने 1753मध्ये काटस बांबूला नाव दिलं तेही नळाच्या गणात घालून. कायद्याच्या चुकीची किंमत चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांनी मोजली. उशाशी बांबूचं जंगल असूनही तो त्यांना विकता येत नव्हता. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपज ठरवला, तेव्हा कुठे वाट उघडली.

बांबू तोडला की जंगल उजाड होतं, हा दुसरा गैरसमज. पावसाळ्यात मानवेल बांबूच्या रांजीजवळ, म्हणजे बेटाजवळ, वाकून पाहा. जमिनीतून वर येणारा कोंब, म्हणजे आपले वास्ते, पुढे जेवढा जाड बांबू व्हायचा तेवढाच जाड असतो. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि नंतर जाडीने वाढत नाही, फक्त पक्का होत जातो. त्याला तीनेक वर्षं लागतात. पिकलेला बांबू काढून कोवळा राखला, तर रांजी वर्षानुवर्षं नवे कोंब देते. काहीच तोडलं नाही, तर जुने बांबू आतच वाळतात आणि रांजी गच्च होते. कित्येक वर्षांनी एकदम फुलोरा येऊन रांज्या मरतात, तो रोग नसतो. बी गळतं आणि त्यातून नवं रान उगवतं.

यातलं फक्त तज्ज्ञांना कळतं, हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1970च्या दशकात कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये बांबूचा अभ्यास केला. तोड सोपी व्हावी म्हणून तिथे रांजीच्या बुडाचं काटेरी कुंपण साफ केलं जाई. गावकरी सांगत होते, काटे गेले की कोवळे कोंब गुरं आणि वानरं खातात. पाहणीत त्यांचंच म्हणणं खरं निघालं.

वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावं लागलं. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि त्यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून मेंढ्याच्या बांबूचा परवाना ग्रामसभाच देते.