उकिरडा, कायदा आणि शेत

उकिरडा ही शेतकऱ्याची जुनी पेढी होय. घरांतील केर, गोठ्यांतील शेण, चुलींतील राख व काढणीनंतरचें काड तींत वर्षभर जमा होई, आणि मृगापूर्वीं त्याचेंच खत गाड्या भरून शेतांत जाई. इंदूर येथील कृषिसंस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं या जुन्या रीतीस शास्त्रशुद्ध रूप दिलें, व यशवंत वाड यांच्या सहकार्यानें १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर द्यावे, ओल राखावी व ढीग वेळोवेळीं परतावा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत होतें, हें त्यांनीं दाखविलें.

हल्लीं या पेढींत खोटें नाणें शिरलें आहे. तें म्हणजे प्लास्टिक. पिशवी कुजत नाहीं. खताबरोबर ती शेतांत जाते, नांगरटीनें तिच्या चिंध्या होतात, व त्या मातींत राहून पाण्याच्या व मुळांच्या वाटेंत आड येतात. उकिरड्यावर फिरणारें गुरूं उष्ट्याच्या वासानें पिशवी गिळतें. ती पचत नाहीं व बाहेरही पडत नाहीं. पोटांत तिचा गोळा होऊन जनावराचें खाणें तुटतें, दूध आटतें व कित्येकदां तें दगावतें. जाळावें म्हटलें तर प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

याविरुद्ध सरकारनें कायदे केले नाहींत असें नाहीं. २६ जुलै २००५ च्या मुंबईंतील महापुरास जीं कारणें झालीं, त्यांत पिशव्यांनीं तुंबलेलीं गटारें हेंही एक होतें. त्यानंतर २००६ सालीं राज्य सरकारनें ५० मायक्रॉनपेक्षां पातळ पिशव्यांस मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ पिशवीवरच रोष कां? तर ती इतकी हलकी असते कीं भंगार वेंचणाऱ्यास ती गोळा करणें परवडत नाहीं, व वारा तिला रानोमाळ नेतो. पुढें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांस बंदी झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा ठरली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनें प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे इत्यादि एकदांच वापरून टाकावयाच्या वस्तूंस देशभर मनाई केली.

इतकें असूनही पिशवी उकिरड्यावर येतेच. कारण कायद्याचा हात कारखान्यापर्यंत व दुकानापर्यंत पोंचतो. घराच्या उंबऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. तेथें लोकशिक्षणच हवें. पण लोकशिक्षण म्हणजे नुसती पाटी लावणें नव्हे. महसुली चाकरींतील अनुभव असा कीं, चावडीवर डकविलेली नोटीस ज्याच्या नांवची असते तोच वाचतो. सर्वांच्या नांवची नोटीस कोणीच वाचत नाहीं. गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) रीत निराळी होती. ते गांवांत आले कीं प्रथम खराटा हातीं घेऊन गांव झाडीत, व रात्रीं कीर्तनांत स्वच्छतेचा उपदेश करीत. आधीं कृति व मग बोल, म्हणून तो बोल लोकांस पटे. त्यांच्याच नांवानें राज्य सरकारनें २०००–०१ सालीं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, व बक्षिसाच्या चुरशीनें गांवोगांव लोकांनीं श्रमदान केलें. मात्र बक्षिसाचा दिवस सरल्यावर खराटा कोपऱ्यांत गेला, तर ती संवय नव्हे, जत्रा झाली.

यास्तव सभासद बंधूंनीं पुढील गोष्टी आपल्यापासून आरंभाव्या. घरीं दोन टोपल्या ठेवाव्या. कुजणारें एकींत, न कुजणारें दुसरींत. बाजारास जातांना कापडी पिशवी न्यावी. मल्चिंग पेपरचे तुकडे व ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर न टाकतां वा न जाळतां गोळा करून भंगारांत द्याव्या. कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळां विसळून तें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें, बाटलीस भोंक पाडावें, व ती घरांत वा उकिरड्यावर जाऊं देऊं नये. न कुजणारा कचरा ग्रामपंचायतीनें वेगळा उचलावा असा ठराव ग्रामसभेंत मांडावा, व त्याची अंमलबजावणी होते कीं नाहीं हें पुढच्या सभेंत विचारावें.

दंड भरला कीं सरकारचें देणें फिटतें. मातींत गेलेल्या चिंध्यांचें देणें मात्र सातबाऱ्यावर न लिहितांही वारसांकडे जातें.