लाल-काळ्या वायरींचं वय

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मल्टिमीटरच्या लीड्स, म्हणजे मोजताना लावायच्या वायरी, जोडीनं मिळतात: एक लाल, एक काळी. मीटर घेताना गिऱ्हाईक रेंज बघतं, डिस्प्ले बघतं. लीड्सकडे सहसा कुणी बघत नाही. आणि आधी म्हाताऱ्या होतात त्या याच.

स्वस्त लीडचं आवरण पीव्हीसीचं. हे प्लास्टिक मुळात कडक. 1926 साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांना ते लवचिक करण्याची युक्ती सापडली: त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर मिसळायचा. हा द्रव प्लास्टिकशी रासायनिक बंधानं जोडलेला नसतो, रेणूंच्या फटीत नुसता शिरून बसतो. म्हणून वर्षानुवर्षं तो बाहेर झिरपत राहतो. वायर आधी चिकट लागते, मग ताठरते. पॉलिस्टायरिनच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली जुनी वायर डब्यालाच वितळल्यासारखे वळ पाडते, कारण द्रव तिकडे शिरतो.

उष्णतेनं हे सगळं लवकर होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आवरणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ढोबळ हिशेब आहे. केबलचं आवरण पारखताना हेच सूत्र कामी येतं: नमुना ओव्हनमध्ये तापवायचा, मग ताणून किती लांबतो ते मोजायचं. वीजक्षेत्रातल्या अशा चाचण्यांसाठी बंगळुरूतच केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे, 1960 पासून.

सिलिकॉनची लीड म्हातारपणीही मऊ राहते, सोल्डरिंग आयर्न लागलं तरी वितळत नाही. मात्र पत्र्याच्या धारदार कडेनं ती सहज कापली जाते.

सर्वांत आधी झिजते ती जागा म्हणजे वायर जिथं टोकदार प्रोबमध्ये किंवा मीटरच्या बाजूच्या प्लगमध्ये शिरते. वापरताना वाकते तिथंच. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून ओहम रेंजवर वायर हलवली आणि आकडा उड्या मारू लागला, तर आतल्या तांब्याच्या तारा तुटत आल्यात असं समजावं. आवरणाला गेलेला तडा मात्र या आकड्यात दिसत नाही. मीटर 230 व्होल्टही बिनचूक दाखवतो आणि तडा बोटांपासून जेमतेम इंचभर असतो.

तडा शोधायला वायर बोटाभोवती वळवून उजेडात बघावी लागते. काही चांगल्या लीड्सना दुहेरी आवरण असतं: वर लाल किंवा काळं, आत पांढरं. पांढरं दिसू लागलं की टेप गुंडाळत बसायचं नाही, नवी जोडी आणायची.