वांद्र्याच्या किल्ल्याचं नाव कशावरून पडलं?

माहीमच्या खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वांद्र्याच्या किल्ल्याचं पोर्तुगीज नाव ‘कास्तेला दे आग्वादा’. किल्ला १६४० सालचा. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, एवढं सांगून बहुतेक जण थांबतात. पण तेवढ्यानं नावाचा अर्थ लागत नाही. लॅटिन ‘आक्वा’पासून स्पॅनिश-पोर्तुगीज ‘आग्वा’, फ्रेंच ‘ओ’ आणि रुमानियन ‘आपा’ हे शब्द आले. ‘आग्वादा’ त्याच घराण्यातला, तरी त्याचा अर्थ जागोजागी पालटतो. इटालियन ‘आक्वाता’ म्हणजे एकाएकी कोसळून ओसरणारी पावसाची सर. स्पॅनिश चित्रकाराला ‘आग्वादा’ म्हणजे पाण्यात कालवलेला रंग, तर दक्षिण अमेरिकेतल्या गुराख्याला गुरांचा पाणवठा. खलाशांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ गलबतावर भरून घ्यायचं गोडं पाणी आणि ते भरायची जागा.

मूळ कळलं की अर्थ कळला, हा समज म्हणूनच फसवा आहे. मूळ शब्दाचं कूळ सांगतं. अर्थ ठरतो तो वापरणाऱ्याच्या कामावरून. संस्कृत ‘चेष्टा’ बंगालीत प्रयत्न झाली, मराठीत थट्टा. वांद्र्याच्या किल्ल्याला नाव दिलं ते दर्यावर्दी पोर्तुगीजांनी, तेव्हा अर्थही त्यांचाच धरायला हवा. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि किनाऱ्यानं फिरणारी त्यांची जहाजं तिथे पाणी भरत.

यावर कोणी म्हणेल, गोव्याचा आग्वाद किल्ला १६१२चा, म्हणजे आधीचा; वांद्र्याचं नाव त्यावरूनच उचललेलं नसेल कशावरून? पण ‘आग्वादा’ हे मुळात विशेषनाम नव्हे, पाण्याची सोय सांगणारं सामान्यनाम आहे. गोव्यातही ते झऱ्यामुळेच पडलं आणि एकेकाळी स्पॅनिशांच्या ताब्यात असलेल्या पोर्तो रिकोतही आग्वादा नावाचं गाव आहे. दुसरा आक्षेप असा की, किल्ला खाडीवर नजर ठेवायला बांधतात, झऱ्यासाठी नव्हे. ही दोन कामं वेगळी नाहीत. लिस्बनहून गोव्याला यायला सहाएक महिने लागत. पिपांतलं पाणी नासे आणि समुद्राचं पिता येत नसे. पाणी संपलं की तोफा असूनही जहाज निकामी. पाणवठा राखणं हाही संरक्षणाचाच भाग होता.

१७३९मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा हा किल्ला त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याचा बराच भाग पाडला. पडलेल्या तटाबद्दल आपण हळहळतो. नावातला पुरावा तेवढ्याच आस्थेनं जपला पाहिजे, कारण हा किल्ला इथेच का उभा राहिला, याचं एक कारण तो पुरावा सांगतो.