हुगळीच्या तळाखालून

हावड्याहून पहिली आगगाडी १८५४ साली सुटली. स्थानक हुगळीच्या पश्चिम तीरावर आणि शहर पूर्व तीरावर, त्यामुळे तेव्हापासून येथे उतरणाऱ्या प्रत्येक उतारूपुढे पहिला प्रश्न नदी ओलांडण्याचा असे. प्रथम नाव, पुढे तरता पूल आणि १९४३ पासून आजचा पोलादी पूल, हीच काय ती साधने. शियालदा हे दुसरे मोठे स्थानक पूर्वेकडे आहे. या दोहोंमधील अंतर फार नाही. परंतु दोन्ही स्थानकांतून लोटणारा उपनगरी उतारूंचा लोंढा एकाच वेळी त्याच रस्त्यांवर आला, म्हणजे बसगाडी आणि पादचारी यांच्या वेगात फारसा भेद उरत नाही.

मग बसगाड्याच का वाढवू नयेत? सहा डब्यांच्या एका मेट्रोगाडीत सुमारे २,००० उतारू मावतात. एका बसमध्ये साठ जण धरले, तर तेवढ्यांसाठी चौतीस बसगाड्या लागतील, आणि त्या सर्वांना त्याच पुलावर जागा हवी. पूल काही रुंद होत नाही. तेव्हा वाट भूमीखालूनच काढणे प्राप्त होते.

कोलकात्याला भूमीखालचा मार्ग नवा नाही. भारतातील पहिली भुयारी रेल्वे येथेच २४ ऑक्टोबर १९८४ रोजी ३.४ किलोमीटरच्या टप्प्यावर सुरू झाली. ती बहुतांशी रस्ता उकरून, भिंती घालून व वर छत टाकून बांधली होती. नदीच्या बाबतीत ही रीत कशी चालावी?

शिवाय या शहराखाली खडक नाही. मुंबईत काळा पाषाण पुष्कळसा स्वतःच्या बळावर उभा राहतो. कोलकात्यात मात्र गंगेने युगानुयुगे आणून टाकलेला गाळ, चिकणमाती आणि पाण्याने भिजलेली रेती आहे. अशा जमिनीत बोगदा खणणारे यंत्र म्हणजे एक अजस्र पोलादी नळकांडे होय. (घुशीची उपमा येथे मोहात पाडते, परंतु घूस आपल्या बिळाला आतून अस्तर लावीत नाही.) त्याच्या तोंडाशी फिरणारी तबकडी माती कापते. कापलेली माती लागलीच बाहेर न काढता तबकडीमागील कोठीत दाबून ठेवतात, म्हणजे बाहेरील माती व पाणी यांचा दाब आतल्या दाबाने तोलला जातो. कोठीतून एक मळसूत्र माती मागे आणते. सारे कौशल्य या मळसूत्राच्या गतीत आहे. ते अधिक जलद फिरले तर कोठीतील दाब उतरून वरची जमीन खचते. मंद फिरले तर जमीन फुगते. मागोमाग काँक्रीटच्या तुकड्यांची कडी जोडली जातात, सांध्यांत रबरी पट्ट्या बसवितात आणि कड्याबाहेरची पोकळी पातळ मिश्रणाने भरून काढतात.

या रीतीने २०१७ साली नदीखालचे सुमारे ५२० मीटर लांबीचे दोन्ही बोगदे पार पडले. वर नावांची ये-जा नेहमीप्रमाणे चालू होती.

ज्या नदीचे भय होते तिने त्रास दिला नाही. दगा दिला तो कोरड्या भासणाऱ्या शहराने. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजार या सोनारांच्या जुन्या पेठेखाली यंत्राला पाण्याने भरलेला थर लागला आणि पाणी आत शिरले. वाहते पाणी एकटे येत नाही. ते बारीक माती सोबत आणते. तितकी पोकळी घरांच्या पायाखाली होते. सारे घर सारखे खचले तर ते बहुधा तगून राहते. एक कोपरा अधिक खचला की विटांची भिंत फाटते. येथे नेमके हेच झाले. कित्येक घरांना तडे गेले, काही कोसळली, आणि शेकडो रहिवाशांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. २०२२ च्या मे व ऑक्टोबर महिन्यांत त्याच भागात पुन्हा पाणी झिरपले. मार्गाची आखणी मूळ योजनेपेक्षा बदलून या दाट वस्तीखालून नेण्यात आली होती, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. नकाशावरील रेघ सरकविणे सोपे असते. तिच्याखालची माती सरकत नाही.

हावडा मैदान ते एस्प्लनेड हा नदीखालचा टप्पा १५ मार्च २०२४ पासून उतारूंसाठी खुला झाला. बऊबाजारचा तुकडा तेवढा रखडला. तो २२ ऑगस्ट २०२५ रोजी जोडला गेला, तेव्हा हावड्यापासून पूर्वेकडील सॉल्ट लेकपर्यंत अखंड मार्ग झाला. नदीखालून जाण्यास गाडीला सुमारे ४५ सेकंद लागतात. त्याच दिवशी विमानतळाकडील दुसरी शाखाही सुरू झाली.

यामुळे बसगाडी निरुपयोगी ठरली, असे मानणे चुकीचे होईल. मेट्रो म्हणजे शहरातून ओढलेला एक दोरा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या दोऱ्यापासून दूरच राहतात. पुलावरून उतारू पलीकडे नेणाऱ्या बसने आता त्यांना गल्लीतून स्थानकाच्या तोंडाशी आणावयाचे आहे. त्यासाठी लहान फेऱ्या, थोड्या-थोड्या अंतराने सुटणाऱ्या गाड्या आणि स्थानकाच्या दारातच थांबा हवा. बोगद्याच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे, पण बोगद्याचा आराखडा होतो तेव्हाच हे थांबे आखलेले असले तर दोन हजार उतारू एकदम वर आल्यावर त्यांना उभे राहावयास फूटपाथ तरी उरतो.